त्याच्यावाचून अडले पाहिजे: लहान मुलांना घेऊन सेवाकार्य करू पाहणाऱ्या सोलापूरकर पालकांसाठी

काही वर्षांपूर्वी मुलाच्या सहाव्या वाढदिवशी आम्ही शहरातील एका बालगृहात केळी, बिस्किटे आणि नव्या वह्या घेऊन गेलो होतो. अर्ध्या तासात वाटप झाले, फोटो काढून झाले, तेथील मुलांनी बसवलेले गाणे म्हटले आणि आम्ही निघालो. दारात चपला घालत असताना एका मुलाने आमच्या मुलाला ‘परत कधी येणार?’ असे विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी सवयीने ‘येऊ की लवकर’ असे म्हणाले. आम्ही परत गेलो नाही. रिक्षात मुलाने दोनदा ‘लवकर म्हणजे कधी?’ असे विचारले होते. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि त्यामुळेच पुढे आम्हांला सगळी पद्धत बदलावी लागली. तीन ते दहा वर्षांच्या मुलांना बरोबर घेऊन सोलापुरात काय करता येते, कसे करता येते आणि काय करू नये, हे त्या बदललेल्या पद्धतीच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे.

या सगळ्यातून आमच्या हाती एकच कसोटी लागली. मुलाला दिलेले काम खरे असावे, म्हणजे ज्या दिवशी ते मूल येणार नाही त्या दिवशी काहीतरी राहून गेले पाहिजे. केळीवाटप आमच्या मुलावाचून मुळीच अडले नसते, कारण तो तेथे केवळ हात पुढे करण्यापुरता होता. उलट पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परळात, म्हणजे मातीच्या उथळ भांड्यात, पाणी भरण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि तो मामाकडे गेला त्या दोन दिवसांत ते परळ कोरडे पडले, तेव्हा आपल्यावाचून अडते हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आपल्या गावाला ही कल्पना परकी नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, लोकांच्या पाण्यासाठी तळे खोदवले, असे परंपरा सांगते. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील संतांच्या, बोलण्यात कष्टाने करायच्या कामाला ‘कायक’ आणि त्यातून इतरांसाठी वाटून देण्याला ‘दासोह’ म्हणतात. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलाला खांद्यावर घेऊन जाताना नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर, त्याला तळेही दाखवावे आणि हे माणसांनी हातांनी खोदले आहे एवढेच सांगावे. सहा वर्षांच्या मुलाला ‘समाजसेवा’ हा शब्द कळत नाही, पण खड्डा कळतो.

काम निवडताना

काम निवडण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहते. ते काम मुलाला स्वतःच्या हाताने करता यावे, त्याचा परिणाम त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा आणि तेथे चालत जाता यावे. तिसरी अट अनेकांना क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्या कुटुंबाने दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काही करण्याचे ठरवले, तर पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्या महिन्यात एखादे लग्न निघते, तिसऱ्या महिन्यात परीक्षा येते आणि काम सुटते. स्वतःच्या गल्लीतले काम सुटत नाही, कारण ते रोज दारातून दिसते.

वेळेच्या बाबतीत आपण मोठी माणसे नेहमीच चुकतो. तीन ते पाच वर्षांचे मूल एका कामात पंधरा-वीस मिनिटे रमते, सहा ते आठ वर्षांचे पाऊण तास, आणि नऊ-दहा वर्षांचे, सोबत मित्र असतील तर, दीड तासापर्यंत टिकते. मूल थकण्याच्या आधी थांबावे. काम उरले तरी हरकत नाही, किंबहुना थोडे उरलेले बरे, म्हणजे पुढच्या वेळी जाण्याला कारण राहते. एप्रिल आणि मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, कधी ४३ पर्यंतही चढतो. त्या दिवसांत बाहेरचे कोणतेही काम सकाळी साडेआठच्या आत संपवावे किंवा संध्याकाळी सहानंतर सुरू करावे, डोक्याला टोपी किंवा ओला रुमाल असावा आणि मुलाने मागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी त्याला पाणी द्यावे.

एकट्या कुटुंबाने सुरुवात करण्यापेक्षा चार-पाच कुटुंबे एकत्र आली तर काम टिकते, मात्र बारापेक्षा अधिक मुले झाली की त्याची सहल होते. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस आणि त्याहून मोठ्या तीन मुलांमागे एक, हे प्रमाण आम्ही कधीही मोडत नाही. आजी-आजोबांना या हिशेबात अवश्य धरावे. पालकांपेक्षा त्यांना घाई कमी असते.

पक्ष्यांचे पाणी: सुरुवात येथून करावी

ज्यांनी पूर्वी काहीच केलेले नाही, त्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस मातीचे एक उथळ परळ आणावे. चिनी मातीचे किंवा प्लास्टिकचे भांडे घेऊ नये. ते उन्हात तापते आणि त्याचा काठ गुळगुळीत असल्यामुळे पक्ष्यांच्या नखांना पकड मिळत नाही. खोली दोन इंचांहून अधिक नसावी, आणि भांडे खोल असेलच तर मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे चिमण्या त्यावर बसून पाणी पितात आणि मधमाश्या बुडत नाहीत. परळ सावलीत, जमिनीपासून उंच आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावे.

यात मुलाचे काम पाणी ओतणे एवढेच नाही. रोज सकाळी जुने पाणी झाडाच्या आळ्यात टाकायचे, परळ नारळाच्या काथ्याने आतून घासायचे आणि मग ताजे पाणी भरायचे, असा तीन पायऱ्यांचा क्रम त्याला शिकवावा. घासण्याचे कारणही सांगावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिले तरी अंडी तेथेच राहतात आणि पुन्हा पाणी भरताच अळ्या होतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज जमले नाही तरी आठवड्यातून दोनदा घासणे चुकता कामा नये. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात घरोघरी पिंप, टाक्या आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात, म्हणून हे ज्ञान परळापुरते मर्यादित राहू देऊ नये. आमच्याकडच्या मुलांनी एका पावसाळ्यात गल्लीतील घरांच्या गच्च्यांवरचे टायर, फुटक्या कुंड्या आणि नारळाच्या करवंट्या शोधून पालथ्या घालण्याची मोहीम काढली होती. ती काहीशी आगाऊपणाची होती आणि एका काकूंनी त्याबद्दल आम्हांला ऐकवलेही, पण त्यानंतर त्यांच्या पिंपावर झाकण आले.

पाण्याचा तुटवडा असताना पक्ष्यांना पाणी ठेवणे कितपत योग्य, असे मूल विचारते. एका परळाला रोज जेमतेम अर्धा लिटर पाणी लागते. हे त्याच्याकडूनच मापाने मोजून घ्यावे आणि भाजी धुतलेले स्वच्छ पाणी त्यासाठी वापरावे.

लिंबोळ्या आणि त्यानंतरचा उन्हाळा

वृक्षारोपणाचा कार्यक्रम आणि मुले हे समीकरण इतके रूढ झाले आहे की त्याविषयी थोडे कडवट लिहावेसे वाटते. पावसाळ्यात लावलेले रोप आपल्याकडच्या पुढच्या मे महिन्यात जिवंत असणे हेच खरे काम आहे, आणि त्या महिन्यात तेथे कोणीही फोटो काढायला येत नाही. म्हणून मुलांबरोबर झाडे लावायची असतील तर संख्या अगदी कमी ठेवावी. एका मुलामागे एक झाड पुरेसे आहे.

रोप विकत आणण्यापेक्षा बीपासून सुरुवात करावी. जूनच्या सुमारास कडुनिंबाच्या पिवळ्या पिकलेल्या लिंबोळ्या झाडाखाली पडतात; त्या वेचणे हे चार वर्षांच्या मुलाला जमणारे काम आहे. लिंबोळीचा गर पाण्यात चोळून काढावा, बी एक-दोन दिवस सावलीत सुकवावे आणि दोन आठवड्यांच्या आत पेरावे, कारण कडुनिंबाच्या बीची उगवण्याची शक्ती झपाट्याने कमी होते आणि पुढच्या वर्षासाठी ठेवलेले बी बहुधा उगवतच नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला दोन-तीन भोके पाडून, माती आणि शेणखत भरून प्रत्येकीत दोन बिया अर्धा इंच खोल पेराव्यात. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो, आणि ज्या सकाळी तो दिसतो त्या सकाळी घरात शाळेची घाई कोणालाही आठवत नाही.

त्याच वर्षी ते रोप जमिनीत लावण्याची घाई करू नये. एक वर्ष पिशवीत वाढवून, गुडघ्याहून उंच झाल्यावर, पुढच्या पावसाळ्यात लावावे. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पाऊस चांगला पडतो, त्यामुळे जुलैत लावलेल्या रोपाला मूळ धरायला वेळ मिळतो. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण मोठ्यांनी घालावे, अन्यथा शेळ्या रोप ठेवत नाहीत. जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभागाला विचारावे आणि खासगी असेल तर मालकाला. मुलाने दोन वर्षे वाढवलेले झाड रस्तारुंदीत गेल्याचे दुःख टाळता येण्याजोगे असते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालण्याची जबाबदारी मुलाकडे असावी. बादली आपण उचलावी, तांब्याने पाणी त्याने घालावे.

गल्लीची सफाई

कचरा उचलण्याच्या कामाला मुले आश्चर्यकारक उत्साहाने येतात, परंतु याच कामात सर्वाधिक सावधगिरी लागते. जाण्यापूर्वी मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे. दीड वर्षाच्या सुमाराचा आणि पाच-सहा वर्षांचा असे डीपीटीचे, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचे, दोन्ही बूस्टर झालेले असले पाहिजेत. दहाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाचा टीडी हा डोस असतो. पायात सँडल नव्हे, बूट हवेत. मोठ्यांचे हातमोजे मुलांच्या हातातून निसटतात आणि मग मुले ते काढूनच टाकतात, त्यामुळे त्यांच्या हाती लांब चिमटा द्यावा.

काच, सुई, बॅटरी, औषधाची बाटली, डायपर, सॅनिटरी पॅड, मेलेला प्राणी आणि काय आहे ते ओळखू न येणारी कोणतीही वस्तू दिसली की हात लावायचा नाही, दोन पावले मागे व्हायचे आणि हात वर करायचा, हा नियम घरीच नाटक करून दोन-तीनदा घटवून घ्यावा. गटारीत, उकिरड्याच्या ढिगात आणि रस्त्याच्या वाहत्या बाजूला मुलांनी उतरायचे नाही. मुलांचे क्षेत्र म्हणजे फूटपाथ, मंदिराचे किंवा मशिदीचे आवार, बागेचा कोपरा आणि शाळेची भिंत. परत आल्यावर साबणाने निदान वीस सेकंद हात चोळून धुवावेत आणि कपडे बदलावेत.

नुसते उचलण्यापेक्षा मोजणे मुलांना अधिक आवडते. आमच्या एका रविवारी सात मुलांनी एका गल्लीतून दोनशे अकरा गुटख्याच्या पुड्या मोजल्या, आणि त्यांनी तो आकडा पुठ्ठ्यावर लिहून पानटपरीवाल्या काकांना नेऊन दाखवला. काकांनी दुसऱ्या दिवशी टपरीपाशी रंगाचा एक रिकामा डबा ठेवला. पुढे तो डबा भरला की रिकामा कोणी करायचा यावरून मुलांत भांडणे होऊ लागली, तेव्हा पाळ्या लावाव्या लागल्या. सुका कचरा वेगळा काढून भंगारवाल्याकडे न्यावा आणि मिळालेले पैसे कितीही थोडे असले तरी त्यांचे काय करायचे ते मुलांनी ठरवावे. घंटागाडीवर काम करणाऱ्या दादांना मुलांनी नावाने हाक मारायला आणि त्यांच्या हाती ओला-सुका कचरा वेगळा द्यायला शिकणे हाही याच कामाचा भाग आहे. घनकचऱ्याच्या नियमांनी तसे वेगळे करणे घरांवर बंधनकारक केलेले आहे, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवावे.

गणपतीच्या दिवसांत हेच काम निर्माल्य गोळा करण्याचे होते. मुलांनी घरोघरी परडी घेऊन फिरावे आणि मग एका चादरीवर सगळे पसरून फुले व दुर्वा एकीकडे, दोरे, प्लास्टिकच्या माळा, चमकी आणि थर्माकोल दुसरीकडे असे निवडावे. फुले आणि वाळलेली पाने थराथराने खड्ड्यात घातली तर दोन-तीन महिन्यांत खत होते, जे वर सांगितलेल्या पिशव्यांना उपयोगी पडते. तळ्याच्या काठावर विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य गोळा करण्याचे काम मात्र लहान मुलांना देऊ नये. गर्दी, अंधार, शेवाळ आणि पाणी ही चारही एका ठिकाणी असतात.

पालखीच्या मुक्कामात

आषाढात शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते. वर्षातून एकदाच येणारे, पण मुलांना कायम आठवणारे असे हे काम आहे. बहुतेकांना पाणी, चहा किंवा केळी वाटावीशी वाटतात. माझा सल्ला असा की वाटण्यासाठी हात भरपूर असतात, म्हणून आपण उचलण्याचे काम घ्यावे. मुलांना केळीच्या साली आणि कागदी पेले गोळा करण्यासाठी पोती धरायला द्यावीत. पाणी वाटायचेच असेल तर स्टीलचे पेले न्यावेत आणि मुलांनी ते विसळण्याची फळी सांभाळावी.

वारकऱ्यांसाठी भाकरी करण्याची पद्धत अनेक गल्ल्यांत आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा आपल्याकडचा शिधा प्रवासात अनेक दिवस टिकतो, त्यामुळे वाटेत न्यायला तो सोयीचा पडतो. भाकरी थापणे आजीचे, पण ती पूर्ण गार आणि कोरडी झाली आहे की नाही हे तपासणे, दहा-दहाच्या चळती रचणे आणि कागदात बांधणे हे सात वर्षांच्या मुलाचे काम आहे. ओलसर भाकरी बांधली तर बुरशी येते, म्हणून हे तपासणे खरोखरच महत्त्वाचे असते. मुक्कामाच्या ठिकाणी थकलेल्या वारकऱ्यांच्या पायांना कोमट पाणी आणि तेल देण्याचे काम मुलांना पाहू द्यावे आणि त्यांची इच्छा असेल तर करू द्यावे. कोणाच्याही पायाला हात लावण्याची सक्ती करू नये.

गर्दीत जाताना मुलाच्या खिशात पालकांचे दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि तेच क्रमांक पेनाने दंडावर, बाहीखाली लिहावेत. नाव मात्र शर्टावर बाहेरून लावू नये, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुले विश्वास ठेवतात. हरवलो तर हलायचे नाही, गणवेशातल्या पोलिसाला किंवा लहान मूल कडेवर असलेल्या बाईला सांगायचे, हे दोन वाक्यांत पाठ करून घ्यावे.

वृद्धाश्रमात आणि अंगणवाडीत

संस्थेत जायचे असेल तर आधी एकट्याने जाऊन व्यवस्थापकांना भेटावे आणि तुम्हांला कशाची गरज आहे, कशाची अजिबात गरज नाही आणि आम्ही किती वेळा आलेले चालेल, असे तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार उपयोगी असते. एका ठिकाणी आम्हांला नम्रपणे सांगण्यात आले की फळे आणि ब्लँकेटे पुरेशी आहेत, नखे कापायला आणि गप्पा मारायला कोणी येत नाही.

वृद्धाश्रमात दुपारची झोप झाल्यावर, चार-साडेचारच्या सुमारास जावे. सर्दी-खोकला असलेल्या मुलाला नेऊ नये. मुलाने भेटवस्तू घेऊन जाण्यापेक्षा काही काम घेऊन जावे. आठ वर्षांच्या मुलीने दैनिक संचारमधल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात, आजोबांनी तिचे जोडाक्षर सुधारावे. पाच वर्षांच्या मुलाने सागरगोटे न्यावेत आणि आजीकडून हरावे. या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवता येत नाही, म्हणूनच तो मला सर्वांत योग्य वाटतो. आपले गाव चार भाषांचे आहे. पूर्व भागातल्या आजीला ‘बागुन्नारा?’ आणि अक्कलकोटकडच्या आजोबांना ‘हेंगिद्दीरी?’ एवढे विचारता येईल इतके तेलुगू आणि कन्नड जाण्यापूर्वी शिकवावे. उच्चार चुकतातच, पण हसण्याने ओळख लवकर होते. दर महिन्याचा एक ठरलेला वार असावा आणि जमणार नसेल तर मुलानेच फोन करून तसे कळवावे.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले असतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तेथे गोष्ट सांगण्यासाठी किंवा चित्रे रंगवून घेण्यासाठी अर्धा तास नेता येते, अर्थात सेविकाताईंची परवानगी घेऊन आणि त्यांच्या उपस्थितीत. खेळणी द्यायची असतील तर एकच प्रश्न विचारावा: हे खेळणे मावसभावाच्या वाढदिवसाला देशील का? नाही असे उत्तर आले तर ते भंगारात जाते, अंगणवाडीत नाही. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून कापडाचे तुकडे मिळवून त्यांच्या पिशव्या किंवा चेंडू करण्याचे काम घरच्या घरी होते, आणि ते अंगणवाडीत चालतेही.

दहा वर्षांखालील मुलांना रुग्णालयाच्या वॉर्डात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे संसर्गाचा धोका असतो आणि रुग्णाला पाहुण्यांच्या नजरा नको असतात.

फोटो आणि सुरक्षितता

बालगृहातील मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे हा केवळ औचित्यभंग नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आमच्या पहिल्या भेटीचे फोटो मी त्या दिवशीच टाकले होते. हे कलम वाचल्यावर काढले. आता आम्ही फोन गाडीतच ठेवतो आणि मुले परत आल्यावर वहीत चित्र काढतात.

आपल्या मुलाच्या बाबतीत नियम असा की कोणत्याही संस्थेत, कितीही ओळखीच्या प्रौढ व्यक्तीबरोबर, ते बंद खोलीत एकटे असणार नाही. नकोसा स्पर्श, गुपित ठेवण्याचा आग्रह आणि एकट्याला दिलेला खाऊ या तीन गोष्टी घरी येऊन सांगायच्याच, हे जाण्यापूर्वी दर वेळी सहज बोलण्यात सांगावे. तेथील एखादे मूल अडचणीत आहे असे दिसले किंवा त्याने तुमच्या मुलाला काही सांगितले, तर स्वतः चौकशी करत न बसता १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

कंटाळा, बक्षीस आणि बोलणे

घरी येताना ‘कसे वाटले, छान वाटले ना?’ असे विचारले की मूल ‘हो’ म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘आज तिथे काय काय पाहिलेस?’ असे विचारावे आणि मग गप्प बसावे. ‘बिचारे’ हा शब्द घरातून काढून टाकावा. मुले तो आपल्याकडून उचलतात आणि समोरच्या माणसासमोर वापरतात. कामाबद्दल पैसे, चॉकलेट किंवा मोबाइलची पंधरा मिनिटे देऊ नयेत. मात्र काम झाल्यावर सगळ्यांनी मिळून भेळ खाण्यास काहीच हरकत नाही, कारण ती मोबदला नसून सोबत असते.

मूल एक दिवस ‘मी नाही येणार’ म्हणेल. तेव्हा व्याख्यान देऊ नये. थकले असेल तर त्या दिवशी राहू द्यावे, पण ज्याचे अडणार आहे त्याला ते स्वतः कळवू द्यावे. आमच्या मुलाने एकदा आश्रमातल्या आजोबांना फोन करून ‘आज क्रिकेटची मॅच आहे’ असे सांगितले. आजोबांनी, स्कोअर कळव, एवढेच म्हटले. सलग महिनाभर टाळाटाळ होत असेल तर काम चुकीचे निवडले गेले आहे असे समजून बदलावे. वार्षिक परीक्षेच्या काळात काम बंद न ठेवता निम्मे करावे.

प्रेरणेच्या गोष्टींचा मारा करू नये, तरी एक गोष्ट मी सांगते, कारण ती आपल्या गावची आहे. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच रुग्णसेवा करत राहिले. शहरात त्यांचे स्मारक आहे. तेथे नेल्यावर आमच्या मुलाने ‘त्यांना चिनी भाषा येत होती का?’ असे विचारले. ते तेथे जाऊन शिकले, असे सांगितल्यावर त्याने पूर्व भागातल्या आजींसाठी तेलुगूची आणखी तीन वाक्ये मागितली.

दहाव्या-अकराव्या वर्षी मुलांचा ओढा बदलतो आणि ती स्वतःचे काम स्वतः निवडू लागतात. त्या वेळी जुने काम वाऱ्यावर सोडू नये. गल्लीतील पाच-सहा वर्षांचे एखादे मूल पाहून ठेवावे, आठ दिवस दोघांनी एकत्र परळ घासावे, काथ्या कुठे ठेवतात, पाणी किती घालायचे, मांजर कोणत्या बाजूने येते हे मोठ्याने लहान्याला दाखवावे आणि नवव्या दिवशी गच्चीची किल्ली त्याच्या आईकडे द्यावी.